चालत्या सायकलवरचा चेहरा

"हलू नका" हे दोन शब्द मी जेवढ्या वेळा उच्चारले असतील, तेवढ्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. बोईसरच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्याला तीस वर्षं होऊन गेली. कंपनीच्या गेटपाससाठी आलेले कामगार, शाळेच्या फॉर्मसाठी आणलेली मुलं, स्थळांना पाठवायचा फोटो काढायला आलेल्या मुली आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या त्यांच्या आया, सगळ्यांना मी स्टुलावर बसवलं, दोन बोटांनी हनुवटी सरळ केली आणि सांगितलं, हलू नका. हिंदीवाला असेल तर, हिलना मत. माणूस हलला की फोटो बिघडतो, अशी माझी पक्की समजूत होती. मी या धंद्यात कशी आले, पहिला कॅमेरा कुठून आणला, हे सगळं सांगत बसत नाही. ती समजूत कशी मोडली, तेवढंच सांगते.

त्या समजुतीला पहिला धक्का दिला नायर साहेबांनी. ते तारापूरच्या वसाहतीत राहायचे, सुट्टीच्या दिवशी खाडीवर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि छापायला माझ्याकडे आणायचे. एकदा त्यांनी उडत्या बगळ्याचा फोटो आणला. बगळ्याचं एकेक पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, आणि मागे मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखे हिरवे-करडे पट्टे.

"साहेब, खाडी कुठे गेली?" मी विचारलं.

"खाडी जागेवरच आहे," ते म्हणाले. "मी गेलो. बगळ्याबरोबर."

आमच्या भाषेत याला पॅनिंग म्हणतात. सांगायला सोपं आहे. कॅमेऱ्याच्या आतला पडदा, म्हणजे शटर, नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग वगैरे. तेवढ्या वेळात पळणारी वस्तू फोटोत फरफटली जाणार. पण तुम्ही तिच्याच वेगाने कॅमेरा वळवलात, तर ती कॅमेऱ्यापुरती जागच्या जागी राहते आणि जी झाडं, भिंती, खांब खरोखर उभे आहेत, ते सगळे पळायला लागतात. पाय रोवून ठेवायचे, कंबरेतून वळायचं. वस्तू समोर येण्याच्या बऱ्याच आधी तिला नजरेत धरायचं आणि बटण दाबल्यावरही वळत राहायचं. नवशिका नेमका इथेच फसतो. बटण दाबलं की त्याचा हात आपोआप थांबतो.

मीही फसले. कित्येक महिने सकाळी पाळी बदलायच्या वेळेला मी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उभी राहून सायकलवाल्यांवर हात बसवत होते. कामगार वळून वळून बघायचे. एकाने तर मी कंपनीची माणूस असून उशिरा येणाऱ्यांचे फोटो काढते अशी आवई उठवली, आणि दोन दिवस सगळे माझ्यासमोरून मान खाली घालून गेले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कुंभवलीचा दामोदर. त्याने नवी रिक्षा घेतली होती आणि तिचा फोटो त्याला पळतानाच हवा होता. "उबी गाडी दाकवली तर लोकांना वाटेल बंद पडली," असं त्याचं म्हणणं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तो ऐटीत समोरून गेला, मी बटण दाबलं आणि हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून पाहिला. मग शांतपणे म्हणाला, "ताई, खांब झकास आलाय. माजी गाडी कुटं हाय?" खरंच, विजेच्या खांबावरचा आकडासुद्धा वाचता येत होता आणि रिक्षा म्हणजे एक काळा-पिवळा फराटा. त्यानंतर त्याला मी अकरा फेऱ्या मारायला लावल्या. अकराव्या फेरीत मनासारखा फोटो आला. पुढे घोडीवरचे नवरदेव, मोटरसायकलवरची नवी जोडपी असं बरंच काही मी केलं. एका लग्नात घोडी सुरेख आली आणि नवरदेव पुसट झाला. त्या घरच्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

हे सगळं हौसेचं होतं. त्या कसबाचा खरा उपयोग मला कळला तो जयवंतीमुळे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी नुकतंच दुकान उघडलं होतं. एक तिशीतली बाई आत आली, आल्या आल्या तिने एक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, ह्या पोरीचा फोटू काडायचा हाय."

अपंगत्वाच्या दाखल्याचं कार्ड होतं ते. त्यावर तीन-चार वर्षांच्या मुलीचा फोटो होता. डोळे वर गेलेले, तोंड उघडं, मान वाकडी, आणि कडेने आलेल्या कुणाच्या तरी हाताने हनुवटी घट्ट पकडलेली. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "असा कुणी काढला?"

"तुमीच," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच लागलं. मग आठवलं. फ्लॅश पडला की ती मुलगी दचकून ताठ व्हायची. पाच-सहा वेळा प्रयत्न केले, मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि शेवटी मी म्हटलं होतं, कार्डालाच लावायचा आहे ना, चालून जाईल.

ती बेटेगावची जयवंती. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ही एका कंपनीत पॅकिंगला. मुलगी वैष्णवी, घरात वैशू. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि मेंदूचा हातापायांवरचा ताबा सुटला. बोलता येत नाही, मान सांभाळता येत नाही, हात मनाला येईल तिकडे जातात. आता ती आठ वर्षांची झाली होती आणि जयवंती तिला शाळेत घालायला निघाली होती.

"मुख्याध्यापकांनी कार्ड बगितलं," जयवंती सांगत होती. "म्हनाले, बाई, हिला काय कळनार, कशाला त्रास देता लेकराला. ताई, तिला कळते. सगळं कळते. आमी घरात भांडलो तर ती जेवत नाय. पन फोटूत कळत नाय तिला कळते ते. मला असा फोटू पायजे की तिचे डोळे दिसले पायजेत."

मी म्हटलं, घेऊन ये तिला, फ्लॅश न लावता काढू. ती म्हणाली, "हितं नाय ताई. स्टुलावर बसवली की ती घाबरते, आंग ताठ करते. ती सायकलवर शांत असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सायकल पाहिली. जयवंतीचे आईवडील कुंभवलीला राहतात. कामावर जाताना ती रोज वैशूला बेटेगावहून सायकलवर आणून त्यांच्याकडे सोडायची. तिचे वडील पूर्वी वेल्डिंगचं काम करत. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून ती कॅरिअरवर लोखंडी पट्ट्यांनी बसवली होती, पायांना टेकू दिला होता आणि छातीवरून ओढणी बांधायची सोय केली होती. पण खुर्ची त्यांनी आडवी बसवली होती, रस्त्याच्या कडेकडे तोंड करून.

"सरळ का नाही बसवली?" मी विचारलं.

"सरळ बसवली तर तिला काय दिसनार? माजी पाट," जयवंती म्हणाली. "आडवी हाय म्हनून शेरडं दिसतात, शेतं दिसतात, मानसं दिसतात."

सायकल थांबलेली असताना वैशूचे हात उडत होते, मान मागे पडत होती. जयवंतीने पायडल मारलं आणि दहा-बारा फुटांत त्या पोरीचं अंग सैल झालं. मान खुर्चीला टेकली, मुठी उघडल्या. मी इतकी वर्षं लोकांना हलू नका सांगत आले, आणि ही मुलगी हलत असतानाच तेवढी निवांत होती.

भर उजेडात पडदा झटकन उघडमिट करून पळत्या सायकलचाही स्पष्ट फोटो काढता येतो. पहिल्या दिवशी मी तोच काढला. वैशू स्पष्ट आली, पण तिच्यामागे उभा असलेला टँकरही स्पष्ट आला, कचऱ्याचा ढीग आला, भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात आली. त्या सगळ्या पसाऱ्यात नजर पहिल्यांदा जायची ती तिच्या छातीवर बांधलेल्या ओढणीवर. बघणाऱ्याने "अरेरे" म्हणावं असा फोटो. मागचं सगळं संगणकावर पुसून पांढरं केलं. मग ती हवेत टांगल्यासारखी दिसायला लागली. जयवंतीने तो फोटो पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. तिला काय हवं होतं ते तिला सांगता येत नव्हतं, पण मला कळलं होतं. मागचं सगळं पळतंय आणि वैशू त्यात शांत बसून बघतेय, असा फोटो हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यापासून जरा आत, शेताच्या बांधावर उभी राहिले. सायकल कडेने जायची, वैशूचं तोंड बरोबर माझ्याकडे. पण रस्त्यावर खड्डे. मी आडवी वळत होते आणि तिची मान वरखाली उडत होती, त्यामुळे चेहरा दरवेळी फिसकटायचा. जयवंतीला म्हटलं, असं नाही जमणार. रस्त्यातला एकेक खड्डा तिला पाठ होता. "पुडं एका कंपनीच्या गेटासमोर नवीन डांबर टाकलंय. तितं मी जोरात घेते. वैशूला आवडते."

तिसऱ्या दिवशी त्या डांबरावर चेहरा स्थिर यायला लागला, पण आता दुसरीच अडचण. वैशू माझ्याकडे बघत नव्हती. सायकल समोर आली की मी हाक मारायची, "वैशू!" पण तिची नजर भलतीकडेच. सात-आठ फेऱ्या झाल्या. माझ्या मनात यायला लागलं, ते मुख्याध्यापक म्हणतात तेच खरं नसेल ना? तेवढ्यात मला काहीतरी वेगळं दिसलं. फोटो काढून झाल्यावरही मी सवयीने सायकलबरोबर वळत होते, कॅमेरा डोळ्यालाच होता. सायकल बरीच पुढे गेली आणि तेव्हा वैशूने सावकाश मान वळवून मागे, माझ्याकडे पाहिलं.

मी जयवंतीला थांबवलं. "परत एकदा चल," म्हटलं, आणि पुढच्या फेरीला हाक मारून मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारावर नजर आली. त्याच्या पुढच्या फेरीलाही चारावरच.

"ही उशिरा बघते," मी म्हणाले.

"हो," जयवंती म्हणाली, जणू हे सगळ्यांनाच माहीत असतं. "तिला वेळ लागतो. ऐकू लगेच येते. पन मान तिकडं न्यायला तिला लय करावं लागते. लोक थांबत नाय ना, ताई. हाक मारतात, ती बगत नाय म्हनतात, आनि जातात."

मीही तशीच गेले होते. मी तर हनुवटी धरायला लावली होती.

आता काम माझ्या धंद्यातलं होतं. पळती वस्तू समोर यायच्या आधी तिला धरायचं असतं. मग हाकही आधीच मारायची. गेटाच्या अलीकडे ट्रान्सफॉर्मर होता. सायकल तिथे पोचली की मी मोठ्याने हाक मारली, आणि मोजत मोजत वळत राहिले. चार म्हणता म्हणता सायकल समोर आली आणि वैशूचे डोळे थेट माझ्या डोळ्यांत आले. मी बटण दाबलं आणि वळत राहिले.

तो फोटो मी आजवर काढलेल्या फोटोंत सर्वात चांगला आहे. मागे कंपनीची भिंत, टँकर, झाडं यांचे नुसते लांब पट्टे झालेत. चाकाचे आरे दिसत नाहीत. जयवंतीचे पायडल मारणारे पाय पुसट आहेत. आणि मधोमध वैशूचा चेहरा, स्थिर. ती बघतेय, कुणीतरी आपल्याला हाक मारली म्हणून बघतेय, हे कुणालाही कळावं.

शाळेत जायच्या दिवशी जयवंती म्हणाली, "ताई, तुमी चला. मी बोलाय लागले की रडते." म्हणून मीही गेले. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे मुलं जास्त होती आणि शिक्षक कमी. त्याने फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "फोटो छानच आहे. पण फोटोवरून प्रवेश कसा द्यायचा, तुम्हीच सांगा." बोलणं खोटं नव्हतं.

पहिलीच्या वर्गाच्या राऊत बाई तिथेच बसून हजेरी लिहीत होत्या. त्यांनी हात पुढे करून फोटो घेतला. "ही कुणाकडे बघतेय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "मी हाक मारली होती."

"हाक मारली की बघते?"

"बघते. पण थांबावं लागतं."

राऊत बाई उठल्या, वैशूसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "वैष्णवी." वैशू जयवंतीच्या मांडीवर होती. तिचा हात उडाला, मान उलट बाजूला गेली. मुख्याध्यापक काही बोलणार तेवढ्यात राऊत बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. मी मनात मोजत होते. चार झाले. पाच झाले. नवी जागा, नवी माणसं. सहाच्या पुढे मान हळूहळू वळली आणि वैशूने राऊत बाईंकडे पाहिलं.

"शहाणी गं," बाई म्हणाल्या. "आता मला सांग, फोटोवाल्या ताई कुठे आहेत?"

पुन्हा सगळे थांबलो. तिची नजर निघाली, मुख्याध्यापकांवरून, कपाटावरून सरकत माझ्यावर येऊन थांबली. जयवंतीने पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सध्या रोज दोन तास आणा. कुणीतरी सोबत बसा. जमतंय का बघू."

जमलं. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस शाळा बुडायची. दोघा-तिघा पालकांनी कुरकुर केली. दोन वर्षांनी राऊत बाईंची बदली झाली, तेव्हा जयवंती माझ्या दुकानात येऊन म्हणाली, आता परत पहिल्यापासून. पण तोवर वर्गातल्या मुलांना मोजायची सवय लागली होती. नव्या बाईंनी वैशूला प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत पुढे गेल्या, तर मुलांनीच त्यांना सांगितलं, "बाई, थांबा ना, तिचं व्हायचंय." आजोबांनी वर्गासाठी टेकूची खुर्ची करून दिली. अक्षरांचा एक तक्ता झाला. वैशू ज्या अक्षराकडे बघेल ते समोरच्याने म्हणायचं. तिने जुळवलेला पहिला शब्द 'भूक' होता, असं जयवंती हसत सांगते.

आता वैशू सहावीत आहे. सायकलवर ती मावत नाही, चाकाच्या खुर्चीत असते. माझ्या दुकानातली गर्दी कमी झाली. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि मागचं धूसर करायला बटण आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. वेळ मिळतो, म्हणून आता मी स्टुलावरच्या माणसाला हलू देते आणि वाट बघते.

मागच्या हिवाळ्यात मायलेकी दुकानात आल्या, वैशूला आजोबांनी रिक्षातून आणून सोडलं आणि जयवंती कामावरून थेट सायकलने आली. कार्डाचा नवा फोटो हवा होता. तो काढून झाला, चांगला आला. मग वैशूने खुर्चीला अडकवलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली. एकेक अक्षर मी मोठ्याने म्हणत गेले. आ. ई. चा. मग फो. मला वाटलं तिला आईबरोबर फोटो हवा आहे. मी जयवंतीसाठी स्टूल वैशूजवळ सरकवायला लागले, तर तिने जोरात आवाज केला आणि पुन्हा जुळवलं. ए-क-टी-चा.

"माजा कशाला?" जयवंती म्हणाली. "माजा लग्नातला हाय की. आनि गेटपासचा हाय."

वैशूची नजर दाराबाहेर लावलेल्या सायकलकडे गेली होती.

आम्ही तिघी त्याच रस्त्यावर गेलो. डांबर आता जुनं झालं होतं, तरी बरं होतं. वैशूची खुर्ची मी बांधावर माझ्याशेजारी लावली, चाकांखाली दगड दिले. जयवंती कुरकुरत लांब गेली आणि वळून आली. कॅरिअरवर कुणी नव्हतं, तिला सायकल हलकी लागत असणार. दोन फेऱ्या ती लाजून खाली बघत गेली. तिसऱ्या वेळी ती समोर येत असताना वैशू माझ्या शेजारून ओरडली, शब्द नव्हता, नुसता आवाज, आणि जयवंती हसली. मी तिच्याबरोबर वळले.

ती सायकल टाकून घाम पुसत धावत आली. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा फोटो आधी वैशूला दाखवला. तिने सावकाश पाहिलं आणि मोठ्याने हसली. मग तो जयवंतीपुढे धरला. पट्ट्यापट्ट्यांच्या रस्त्यावर ती एकटी, हँडलवर वाकलेली, पदर मागे उडतोय, दात दिसताहेत. तिने मागच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"ताई, मी एवडी जोरात जाते?"

"रोज," मी म्हटलं.